निळ्या चौकड्यांचा शर्ट

शनिवारी रात्री नऊ वाजता
हिंदुराव खाड्यांची खानावळ टीव्हीवर आली.
उद्यमनगरात त्या दिवशी लेथ लवकर थांबले.
आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत अकरा माणसं,
वरच्या आक्काताई आपली खुर्ची आपणच घेऊन उतरल्या.

आधी आकाशातून रंकाळा दाखवला,
मग चपला, मग तालमीतली पोरं,
मग पुन्हा चपला.
"चपलाच जेवतो की ओ आपण," बागल सर म्हणाले.
मग एकदाचा हिंदुराव.
सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं,
जे तो बहिणीच्या लग्नातही लावत नव्हता.

मुंबईच्या शेफनं फ्रिज उघडला.
मागं ढोल वाजला.
"ई!" माझी केतकी.
"तीन दिवसांचं मटण गं बाई," आक्काताई.
"तरीच दिवाळीत माझं पोट गेलं," मेहुणा म्हणाला,
जो दिवाळीत सांगलीला होता.

शेफनं पांढरा रस्सा चमच्यात घेतला
आणि उंचावरून परत वाटीत सोडला.
तेवढंच तीनदा दाखवलं.
माणूस माजला की असंच होतं.
बायकोचं ऐकायला पाहिजे होतं.
पोरगा पुण्याला गेला तिथंच संपलं.
खोबरं कमी, पाणी जास्त, मी कधीचं सांगतोय.
नव्वदची थाळी एकशे दहाची झाली
तेव्हा आपण सगळे पलीकडच्या गल्लीत जेवायला लागलो,
हे मात्र कुणाच्या तोंडात आलं नाही.
तोंडात शेंगदाणे होते.

मग कोपऱ्यातल्या टेबलावर तो दिसला.
चेहऱ्याच्या जागी धुकं,
अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट.
ताट पुढं ढकलून म्हणाला,
"रस्सा पांचट आहे."
खोलीत टाळ्या. "खरं बोलला गडी!"
बायकोनं पडद्याकडं बघितलं,
मग दोरीवर वाळणाऱ्या शर्टाकडं.
लसूण सोलत राहिली.

चारदा म्हणून घेतलं ते वाक्य.
पहिल्यांदा मी म्हणालो, "बरा आहे."
कॅमेऱ्यामागची मुलगी गोड होती,
"काका, जरा मनापासून."
दुसऱ्यांदा म्हणालो, "पातळ वाटतोय."
चौथ्या खेपेपर्यंत वाटी गार,
वर चरबीची साय धरलेली,
आणि मी म्हणत होतो ते खरं होऊन बसलेलं.
चारही वेळा हिंदुराव मुदपाकाच्या दारात उभा,
खांद्यावर टॉवेल,
एकदा तर त्यानं मला मान हलवून धीर दिला.
कागदावर सही मी केली नाही.
अब्रू राखली, असं तेव्हा वाटलं.

जाहिरातीनंतर भिंती पिवळ्या झाल्या,
दिवे टोपलीत बसले,
तांबडा-पांढरा काचेच्या चिमुकल्या पेल्यांत आला.
शेफनं खांद्यावर हात ठेवला
आणि हिंदुराव रडला.
खोली गप्प. आक्काताईंनी पदर डोळ्याला लावला.
सगळ्यांनी त्याला माफ करून टाकलं.
कशाबद्दल, ते कुणी विचारलं नाही.

रविवारी तिथं रांग होती, म्हणे,
पेल्यांचे फोटो काढायला.
मी बुधवारी गेलो. पाच टेबलं, चार मोकळी.
वहीतले सातशे चाळीस गल्ल्यावर ठेवले.
त्यानं न मोजता आत ढकलले
आणि फळीखालून
जुनी स्टीलची वाटी काढली, कड चेपलेली.
काठोकाठ भरून समोर ठेवली.
वाफ माझ्या चष्म्यावर.

दारात उभा राहिला, टॉवेल खांद्यावर,
वरचं बटण उघडं.
"आता कॅमेरा न्हाई," म्हणाला. "सांग."

मी वाटी उचलली.
फुंकर घालत बसलो.